सीस्टार एस५० आणि एम ५१: सातारा-सांगलीच्या आकाशाखाली हा दुर्बीण-कॅमेरा कितपत कामाचा?

एखाद्या सर्पिल दीर्घिकेचा फोटो काढायचा, त्यात तिच्या भुजा सुट्या दिसल्या पाहिजेत, आणि त्यासाठी ताऱ्यांबरोबर फिरणारा विषुववृत्तीय माउंट, काउंटरवेट, गाइड कॅमेरा, लॅपटॉप हा सगळा पसारा गाडीत भरून माळावर न्यायचा नाही. गरज एवढीच असेल तर झेडडब्ल्यूओ कंपनीचा सीस्टार एस५० हा फोनच्या अ‍ॅपवरून चालणारा दुर्बीण-कॅमेरा घ्यायला हरकत नाही. फोटो भिंतीवर मोठा करून लावायचा असेल तर मात्र घेऊ नका. असं का, हे आकड्यांतूनच कळेल, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात.

भिंग ५० मिलिमीटरचं, तीन काचांचं अपोक्रोमॅटिक, म्हणजे रंग फाकू न देणारं. फोकल लांबी २५० मिलिमीटर, म्हणजे एफ/५. आत सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर, १०८० × १९२० पिक्सेल, एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. यातून एका पिक्सेलवर आकाशाचा साधारण २.४ आर्कसेकंदांचा (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचाही साठावा भाग म्हणजे आर्कसेकंद) तुकडा येतो आणि पूर्ण चौकटीत ४३ × ७६ आर्कमिनिटं बसतात. चौकट उभी असते. वजन अडीच किलो. दुर्बीण, कॅमेरा, फोकसची मोटर, दोन अक्षांच्या मोटरी, दवाचा हीटर, ६४ जीबीची मेमरी आणि ६००० एमएएचची बॅटरी सगळं एकाच डब्यात. सोबत छोटा कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणि सूर्याचा फिल्टर मिळतो.

आता हे आकडे दीर्घिकांवर लावून पाहू. सप्तर्षीच्या शेपटीतल्या मरीचीपासून साधारण साडेतीन अंशांवर, श्यामशबल तारकासमूहात एम ५१ ही सर्पिल दीर्घिका आहे. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून हिच्यातच पहिल्यांदा सर्पिल रचना पाहिली. तिची लांबी सुमारे ११ आर्कमिनिटं, म्हणजे सीस्टारच्या चौकटीत २७५ पिक्सेलच्या आसपास. फोनच्या पडद्यावर सुंदर दिसते, शेजारची छोटी दीर्घिका एनजीसी ५१९५ आणि दोघींमधला पूलही दिसतो. पण २७५ पिक्सेल म्हणजे २७५ पिक्सेल. झूम केलं की चौकोनच दिसणार, सॉफ्टवेअर काहीही म्हणो. वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी जवळपास समभुज त्रिकोण करणारी एम १०१ तब्बल २९ आर्कमिनिटांची, म्हणजे सातशेहून जास्त पिक्सेल. एम ८१ आणि एम ८२ एकमेकींपासून जेमतेम ३७ आर्कमिनिटांवर असल्याने चौकटीच्या लांबीत दोघी एकत्र बसतात. देवयानी, म्हणजे एम ३१, तीन अंशांहून लांब. तिच्यासाठी अ‍ॅपमधला मोझेक, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडलेला फोटो, वापरावा लागतो आणि तेवढ्याच खोलीच्या फोटोला कितीतरी पट वेळ जातो.

याच कंपनीचा धाकटा एस३० स्वस्त आणि हलका आहे, पण त्याची फोकल लांबी १५० मिलिमीटर. त्यात एम ५१ फक्त १६५ पिक्सेलांची होते. आकाशगंगेचे पट्टे आणि मोठे तेजोमेघ हवे असतील तर तो घ्या, दीर्घिकांसाठी नको.

इथल्या अक्षांशाबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण बहुतेक परीक्षणं युरोप-अमेरिकेतली असतात आणि त्यातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. सातारा १७.७ अंश उत्तरेला, सांगली १६.९. एम ५१ ची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, +४७ अंश. म्हणजे साताऱ्यात ती उत्तरेकडे जास्तीत जास्त साडेसाठ अंशांवर चढते. युरोपात ती थेट डोक्यावरून जाते आणि तिथे उन्नतांश-दिगंश पद्धतीच्या, म्हणजे वर-खाली आणि आडवं फिरणाऱ्या यंत्राची दमछाक होते: खालच्या मोटरला क्षणात अर्धी गिरकी घ्यावी लागते. इथे तो प्रश्नच नाही. उलट सिंह राशीतल्या दीर्घिका आपल्या डोक्यावर येतात. एनजीसी २९०३ तर ८६ अंशांवर. त्या मध्यान्हीला, म्हणजे आकाशात सगळ्यात उंच असताना, घेऊ नका, दीड-दोन तास आधी किंवा नंतर घ्या.

दुसरा मुद्दा क्षेत्रभ्रमणाचा. सीस्टार मुळात उन्नतांश-दिगंश पद्धतीने फिरतो, त्यामुळे तारा मध्यावर धरला तरी चौकट त्याच्याभोवती हळूहळू वळते. एम ५१ मध्यान्हीला असताना साताऱ्यात हा वेग ताशी जवळपास २९ अंश येतो. यंत्र काही सेकंदांचे अनेक फोटो, म्हणजे फ्रेम, घेतं आणि एकावर एक रचून एकच फोटो करतं. १० सेकंदांच्या एका फ्रेममध्ये कोपऱ्यातला तारा दीड पिक्सेल घसरतो, ३० सेकंदांत पावणेपाच. म्हणून कोपऱ्यातले तारे रेघा होतात आणि मंडळी घाबरून लगेच विषुववृत्तीय मोडकडे, म्हणजे यंत्राचा अक्ष ध्रुवाकडे झुकवून वापरण्याकडे, वळतात. पण दीर्घिका चौकटीच्या मध्ये आहे. एम ५१ च्या कडेला हीच घसरण १० सेकंदांत ०.२ पिक्सेल आणि ३० सेकंदांत ०.६ पिक्सेल. दिसणारही नाही. मग एम ५१, एम १०४ असल्या छोट्या दीर्घिकांसाठी साध्या मोडमध्ये १० किंवा २० सेकंद ठेवा आणि शेवटी कोपरे कापून टाका. एम १०१ मोठी आहे. तिच्या कडेला ३० सेकंदांत सव्वा पिक्सेल जातो, त्यामुळे तिथे १० सेकंदांवर राहा किंवा विषुववृत्तीय मोड वापरा.

हा मोड नंतरच्या फर्मवेअरमधून आला. त्याचा फायदा खरा आहे: चौकट वळत नाही, ३० सेकंदांच्या फ्रेम स्वच्छ येतात, कडा वाया जात नाहीत. ध्रुवताराही दिसावा लागत नाही, अ‍ॅप आकाशाचे फोटो घेऊन कुठे किती सरकवायचं ते सांगतं. साताऱ्यात ही मोठीच सोय, कारण ध्रुव १७-१८ अंशांवर, म्हणजे बऱ्याच ठिकाणी डोंगराआड नाहीतर क्षितिजालगतच्या धुरकटात. जुन्या पद्धतीच्या माउंटवर त्याच ध्रुवाला पोलर स्कोपमधून बघायला गुडघे टेकून मान मोडावी लागते, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

पण अडचणही अक्षांशाचीच. यंत्राचा उभा अक्ष ध्रुवाकडे वळवायचा म्हणजे तो उभ्या रेषेपासून ७२ अंश झुकवायचा. यंत्र जवळजवळ आडवं होतं आणि अडीच किलो वजन ट्रायपॉडच्या बाहेर उत्तरेकडे लोंबतं. सोबतच्या ट्रायपॉडवर हे करूच नका. दणकट फोटो ट्रायपॉड घ्या, त्यावर वेज (तिरका कल देणारी बैठक) किंवा पॅन-टिल्ट हेड लावा. बॉल हेड एवढ्या कलावर रात्रभरात सूतभर तरी सरकतं आणि मग ध्रुवसाधना, म्हणजे अक्ष ध्रुवाशी जुळवणं, पुन्हा पहिल्यापासून. ट्रायपॉडचा एक पाय नेमका उत्तरेला ठेवा, मधल्या हुकाला चार-पाच किलोची वाळूची पिशवी अडकवा, पिशवी जमिनीला टेकू द्या म्हणजे ती वाऱ्याने झुलत नाही. आणि ट्यूब फिरताना पायाला किंवा हेडच्या दांडीला अडकते का, हे दिवसाउजेडी तपासून घ्या.

प्रत्यक्ष वापर सोपा आहे, तरी काही गोष्टी अ‍ॅप नीट सांगत नाही. पहिलं सक्रियीकरण आणि फर्मवेअर अपडेट घरी, इंटरनेट असताना उरका. कासच्या पलीकडे किंवा बामणोलीकडे नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. माळावर पोचलं की ट्रायपॉडची पातळी आधी हाताने जुळवा, मग अ‍ॅपमधल्या बुडबुड्याने बारीक करा. होकायंत्राचं कॅलिब्रेशन गाडीच्या बॉनेटपासून लांब जाऊन करा. फोकस आपोआप होतो, पण काच बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत वीसेक मिनिटं थांबून मग करा, आणि तापमान घसरत असेल तर दर तास-दीड तासाने पुन्हा. डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे दोष वजा करायला लागणारे अंधारे फोटो, तो स्वतःच सुरुवातीला घेतो.

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग म्हणजे प्रत्येक फ्रेम वेगळी साठवणं. हे बंद राहिलं तर हातात फक्त यंत्राने जागेवर रचलेला फोटो उरतो आणि नंतर ढगाळ फ्रेम वेगळ्या काढता येत नाहीत. एक कच्ची फ्रेम चार एमबीच्या थोडी वर. १० सेकंदांच्या ३६० फ्रेम म्हणजे तासाला दीड जीबी. मेमरी पुरते, पण भरत आली की यूएसबी-सी केबलने संगणकावर उतरवा. वायफायवरून उतरवत बसलात तर उजाडेल.

दुसरं सेटिंग आतल्या दुहेरी पट्ट्याच्या फिल्टरचं. हा फिल्टर हायड्रोजन अल्फा आणि ऑक्सिजन-३ एवढ्याच पट्ट्यांतला प्रकाश सोडतो. तेजोमेघांसाठी उत्तम. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा सलग वर्णपट, तो या फिल्टरमधून बहुतेक अडतो. शहराच्या उजेडावर उपाय म्हणून तो लावला की दीर्घिका मळकट तपकिरी येते आणि भुजांचा निळेपणा जातो. एम ५१ साठी तो बंद. एम ३३ किंवा एम १०१ मधले लाल ठिपके, म्हणजे तारे जन्माला घालणारे हायड्रोजनचे ढग, वेगळे उठावदार करायचे असतील तर फिल्टर लावून वेगळ्या रात्रीचा तासा-दोन तासांचा संच घ्या आणि नंतर मिसळा.

किती वेळ लागतो? १० मिनिटांत एम ५१ ओळखू येते, तासाभरात भुजा सुटतात, चार तासांत त्यांच्यातल्या धुळीच्या काळ्या रेघा आणि ५१९५ भोवतीचं फिकट वलय. गोंगाट, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, म्हणून दुप्पट स्वच्छ फोटोला चौपट वेळ. एम १०१ ची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका कमी तितकी तेजस्वी), कागदावर ७.९ आणि एम ५१ ची ८.४, पण फसू नका. एम १०१ चा प्रकाश एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरलाय की तिला अंधारही जास्त लागतो आणि तासही. तरीही तिच्यावर नजर ठेवण्यासारखं आहे: मे २०२३ मध्ये तिच्यात एसएन २०२३ आयएक्सएफ हा अतिनवतारा उजळला, तो अकराव्या प्रतीपर्यंत गेला आणि एवढ्याशा भिंगांतूनही सहज टिपता आला.

बॅटरी सहा तास चालते असं कंपनी म्हणते. हीटर सुरू ठेवला की कमी. एप्रिलमधली रात्र मात्र त्याहून लांब आणि एम ५१ साताऱ्यातून साडेआठ तास ३० अंशांच्या वर असते, म्हणून साधी पॉवर बँक सोबत हवी. केबल ट्रायपॉडला एका जागी बांधा. लोंबणारी केबल यंत्र फिरताना ओढ देते आणि फ्रेम वाया जातात.

वेळापत्रक असं: एम ५१ मार्चच्या मध्याला रात्री अडीचच्या सुमाराला मध्यान्हीला येते, एप्रिलच्या मध्याला साडेबाराला, मेच्या मध्याला साडेदहाला. एप्रिलमधली अमावास्या आणि तिच्या आगेमागच्या पाच-सहा रात्री हा उत्तम काळ. मेमध्ये वळवाचे ढग दुपारी उठतात आणि रात्रीपर्यंत पसरतात, कधी सगळं धुऊन आकाश लख्खही करतात. त्यावर आधी ठरवून जाता येत नाही. जून ते सप्टेंबर यंत्र कपाटात. दिवाळीनंतर देवयानी, त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ आणि दक्षिणेकडे शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३. ही शेवटची साताऱ्यातून ४७ अंशांवर चढते, युरोपातल्या मंडळींना क्षितिजावर चाचपडावी लागते.

जागेबद्दल. एम ५१ सगळी रात्र उत्तरेकडच्या आकाशात असते: आधी ईशान्येला, मग उत्तरेला, मग वायव्येला. म्हणून गावाचा उजेड तुमच्या दक्षिणेला राहील अशी जागा शोधा. मिरजेच्या पूर्वेला दंडोबाच्या बाजूने घेत असाल तर सांगली-मिरजेचा उजेड पश्चिमेला पडतो, तेव्हा मध्यान्हीच्या आधीचे तास वापरा. कास-ठोसेघरच्या पठारांवर अंधार चांगला, उंचीही चांगली, पण तिथे वारा भारी. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. ५० मिलिमीटरचा हा डबा वाऱ्यात शिडासारखा थरथरतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण आखूड करा आणि गाडीच्या आडोशाला, पण बॉनेटच्या गरम हवेपासून दूर बसवा. कास पठारावर रात्री थांबता येईल असं गृहीत धरू नका, वनखात्याचे नियम आधी विचारा.

आमचं मत विचाराल तर पश्चिमेच्या पठारांपेक्षा पूर्वेचा दुष्काळी पट्टा सरस: माण-खटावमध्ये दहिवडी, म्हसवडच्या बाजूला किंवा सांगलीत आटपाडी, जतकडे. हवा कोरडी, दव कमी, क्षितिज मोकळं. कृष्णाकाठच्या कराड-वाळवा पट्ट्यात हंगामात उसाचं पाचट पेटवतात, थंडीच्या रात्री तो धूर खाली बसून राहतो आणि फोटोची पार्श्वभूमी तांबूस होते. शिवाय नदीकाठचं दव. तिथे हीटर पहिल्या मिनिटापासून सुरू ठेवा, काच ओली झाल्यावर नाही.

अ‍ॅपमध्ये एक जागा नीट वाचायला शिका: रचलेल्या फ्रेमचा एकूण वेळ. घड्याळाने एक तास झालाय आणि रचलेला वेळ ३५ मिनिटं दिसतोय, तर २५ मिनिटांच्या फ्रेम यंत्राने नाकारल्या. कारणं क्रमाने तपासा: वारा, पातळी, काचेवरचं दव, पातळ ढग. शेवटचं डोळ्यांना दिसत नाही, पण फ्रेममधले तारे कमी होत जातात आणि भोवती वलय येतं.

अ‍ॅपमधलं एआय वापरून गोंगाट घालवणं मित्रांना लगेच फोटो पाठवायला ठीक. दीर्घिकेच्या बाबतीत ते भुजांमध्ये नसलेले पीळ काढतं. कच्च्या फ्रेम संगणकावर घेऊन सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रचा. त्यात सीस्टारसाठी तयार स्क्रिप्ट मिळते: एक फोल्डर करा, त्यात लाइट्स नावाचं उपफोल्डर, त्यात सगळ्या फ्रेम, आणि स्क्रिप्ट चालवा. आधी फ्रेम चाळा. ताऱ्यांची जाडी जास्त असलेल्या आणि पार्श्वभूमी उजळलेल्या काढून टाका. रचताना सिग्मा क्लिपिंग, म्हणजे इतर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल गाळणं, असलं की उपग्रहांच्या रेघा आपोआप जातात, फक्त फ्रेम पुरेशा हव्यात. मग वळलेल्या कडा कापा. कापण्याआधी पार्श्वभूमी सपाट करायला गेलात तर कडांचे जिने गणित बिघडवतात.

पार्श्वभूमी काढायला सिरिल किंवा ग्राएक्सपर्ट, दोन्ही मोफत. नमुन्याचे ठिपके, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून पार्श्वभूमी मोजतं त्या जागा, दीर्घिकेपासून लांब ठेवा. एम ५१ भोवतीचं फिकट वलय दिसतं त्याहून मोठं आहे. ठिपका त्यावर पडला की सॉफ्टवेअर ते वलय प्रकाशप्रदूषण समजून वजा करतं आणि दीर्घिका कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. त्यानंतर वर्णमापी रंगजुळणी (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून), मग ताण देणं (फिकट भाग उजळणं), शेवटी थोडा रंग. गाभा पिवळसर, भुजा निळसर, त्यांच्यावर गुलाबी ठिपके आले की थांबा. आणखी ताणलं की गाभा पांढराफटक पडतो.

डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स आधीच असेल तर फक्त ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं छोटं यंत्र) घेणं स्वस्त पडतं आणि सेन्सर कितीतरी मोठा. पण ध्रुवसाधना, फोकस, केबली, लॅपटॉप हे सगळं परत येतं, आणि कमी अक्षांशामुळे काही माउंटवर काउंटरवेटची दांडी ट्रायपॉडच्या पायाला लागते. एम ५१ मोठी आणि सुस्पष्ट हवी असेल तर १३० ते १५० मिलिमीटरचा न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि चांगला विषुववृत्तीय माउंट. खर्च आणि वजन दोन्ही कितीतरी जास्त. सूर्य आणि चंद्र सीस्टार छान टिपतो. ग्रहांसाठी घेऊ नका, गुरूसुद्धा वीसेक पिक्सेलचा येतो.

२०२३ मध्ये हा बाजारात आला तेव्हा किंमत ४९९ डॉलर होती; भारतात आयातीचा खर्च वर पडतो. बिल आणि वॉरंटी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या, कारण आतली मोटर बिघडली तर गावात दुरुस्ती होत नाही. विकत घेताच भिंग टॉर्चच्या उजेडात बघा, आणि पहिल्याच रात्री कोपऱ्यांतले तारे सारखे गोल येतात का ते एकाच १० सेकंदांच्या फ्रेममध्ये तपासा, दीर्घिका पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना, म्हणजे क्षेत्रभ्रमण कमी असताना. एकाच बाजूचे तारे लांबट आले तर भिंग तिरकं बसलंय. बदलून मागायची वेळ तीच.

पावसाळ्यात ठेवताना बॅटरी अर्धी भरलेली ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका आणि ते दर महिन्याला बदला. महाबळेश्वर, मेढा, पाटणकडच्या ओलाव्यात भिंगाच्या आत बुरशी धरली तर ती घरी पुसून निघत नाही.